पालशेतची वाळू, पुण्याचं प्लास्टर आणि न दिलेली भूल

वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हे नाव कुठे ना कुठे भेटतं. बहुतेकांना त्यातला डॉक्टरच्या कर्तव्यांवरचा एक परिच्छेद पाठ असतो. दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या वकिलाला हे प्रकरण म्हणजे फक्त एक उद्धरण. आपल्याला तसं वाचता येत नाही, कारण हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर सुरू होतं, रात्रीतून घाट चढून पुण्यात येतं आणि एका संध्याकाळी नऊ वाजता संपतं. पुढची पंधरा वर्षं कोर्टात जे चाललं ते त्या दुपारच्या तासाभराबद्दल होतं. आणि त्या तासाभराबद्दलचा सगळा वाद शेवटी एका क्रियापदावर येऊन ठेपला: डॉक्टरांनी हाड बसवलं, की पाय फक्त स्थिर केला?

आधी घटना.

६ मे १९५३. गुहागरजवळचं पालशेत, सूर्यास्ताची वेळ. वाळूवर अपघात होऊन एका वीस वर्षांच्या मुलाची डावी मांडी मोडली. मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब आणि मजबूत हाड. ते मोडलं की आतल्या आत लिटरभर रक्त सहज जाऊ शकतं. गावात जी सोय होती ती झाली. स्थानिक डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. पुढच्या भेटीत त्यांना मुलाची प्रकृती ठीक वाटली, तरी त्यांनी पुण्याला न्यायचा सल्ला दिला. फळ्या काढून त्यांच्या जागी नीट स्प्लिंट लावले गेले. मग टॅक्सी बोलावली. मुलाला आडवं-टेकलेलं ठेवून, घरचं माणूस आणि तेच स्थानिक डॉक्टर सोबत घेऊन, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ही मंडळी निघाली.

अंतर सुमारे दोनशे मैल, म्हणजे तीनशेवीस किलोमीटर. ९ मे रोजी सकाळी साडेअकराला गाडी पुण्यात पोहोचली. साडेदहा तास. १९५३ चे कोकणातले रस्ते आणि मोडलेली मांडी हे दोन्ही एकत्र डोळ्यांसमोर आणलं की पुढचा एक मुद्दा आपोआप कळतो: मुलगा रुग्णालयात पोहोचला तेव्हा थकून गेलेला होता. हे कुणीच नाकारलं नाही. उलट डॉक्टरांचा बचाव याच गोष्टीवर उभा राहिला, आणि माझ्या मते याच गोष्टीवर तो कोसळला.

मुलाचे वडील, त्र्यंबक गोडबोले, स्वतः डॉक्टर. दौंडला त्यांचा व्यवसाय होता, तिथून ते पुण्यात आले. मुलाला आधी ताराचंद रामनाथ रुग्णालयात नेलं. तिथे क्ष-किरणांखाली पाहिल्यावर हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली दिसली आणि पिन घालून ताण द्यावा लागेल असं निदान झालं. याचा अर्थ, हाडातून आरपार सळई घालून तिला वजन टांगायचं आणि मांडीचे स्नायू दमेपर्यंत, काही दिवस, हळूहळू हाड ओढत ठेवायचं. तिथून मुलाला डॉ. लक्ष्मण जोशींच्या रुग्णालयात आणलं. ते त्या वेळी हजर नव्हते. त्यांच्या सहायक डॉक्टरने दुपारी सव्वादोनला दाखल करून घेतलं.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. त्यांनी सहायकाला सांगितलं की एकअष्टमांश ग्रेन मॉर्फिया (तीव्र वेदनाशामक) आणि एकदोनशांश ग्रेन हायोसिन (गुंगी आणणारं औषध) अशी दोन इंजेक्शनं तासाभराच्या अंतराने द्या. आजच्या मापात सांगायचं तर मॉर्फिनचे साधारण आठ मिलिग्रॅम, आणि हायोसिन मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा. प्रत्यक्षात सहायकाने एकच इंजेक्शन दिलं. दुसरं दिलंच नाही.

मुलाला तळमजल्यावर एक्स-रेसाठी नेलं, पायाचे दोन फोटो काढले. मग वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर. तिथे तो तासाभराहून थोडा अधिक वेळ होता. पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. साडेपाचच्या सुमारास त्याला खोलीत आणलं.

वडिलांना सांगण्यात आलं की सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल. या शब्दावर विसंबून ते दौंडला परत गेले. निकालपत्र वाचताना माझी नजर दर वेळी इथे अडकते. माणूस स्वतः डॉक्टर आहे, मॉर्फिया काय असतं हे त्याला ठाऊक आहे, मुलगा प्लास्टर होऊन खोलीत आलाय, सातला शुद्धीवर येणार आहे. अशा वेळी आपल्या पेशंटांकडे परत जाणं यात चूक काय?

साडेसहाला खोलीत थांबलेल्या घरच्या माणसाच्या लक्षात आलं की मुलाला खोकला येतोय आणि श्वास घ्यायला त्रास होतोय. सहायकाने डॉक्टरांना बोलावलं. तातडीचे उपचार सुरू झाले, ते नऊपर्यंत चालले. नऊ वाजता मुलगा गेला. डॉक्टरांनी मृत्यूचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर कारण लिहिलं होतं फॅट एम्बोलिझम, म्हणजे हाडातली चरबी रक्तात मिसळून रक्तवाहिन्यांत अडकणं.

आई-वडिलांची बाजू घेऊन इथून थेट कोर्टात जाण्याआधी हे प्रमाणपत्र जरा गंभीरपणे घ्यायला हवं. मांडीसारखं मोठं हाड मोडलं की मज्जेतली चरबी रक्तात शिरते आणि फुप्फुसांत अडकते. हा प्रकार साधारणपणे इजेनंतर एक ते तीन दिवसांत दिसतो: धाप, गोंधळलेपणा, कधी अंगावर बारीक लाल ठिपके. अपघात ६ तारखेच्या संध्याकाळी, मृत्यू ९ तारखेच्या रात्री. तीन दिवसांहून जेमतेम दोनेक तास जास्त. तरुण रुग्ण, मांडीचं हाड, खडतर प्रवास, अचानक श्वासाचा त्रास. कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाच्या मनात फॅट एम्बोलिझमची शंका आली असती. प्रमाणपत्रावरचा शब्द मुद्दाम खोटा लिहिला होता असं मानायची गरज नाही.

पण तो शब्द खरा धरला तरी प्रश्न संपत नाही. मोडलेल्या हाडाची टोकं जितकी हलतील तितकी चरबी सुटण्याची भीती जास्त. म्हणूनच तर हाड लवकर स्थिर करतात. मग त्या तासाभरात हाडाचं काय केलं गेलं? इथेच ते क्रियापद.

वडिलांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं: उपचार सुरू करण्याआधी जी प्राथमिक तपासणी करायला हवी ती झाली नाही. मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं आणि त्याच गुंगीत, खरी भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसवलं आणि वर प्लास्टर घातलं. शिवाय मुलगा पूर्ण भुलीखाली आहे असा आपला समज करून दिला गेला.

डॉक्टरांची कैफियत अशी: मुलाचा पूर्वेतिहास आणि दमलेली अवस्था पाहून पूर्ण भूल देणं योग्य वाटलं नाही. म्हणून त्या दिवशी हाड बसवायचं पुढे ढकललं, आणि तात्पुरता उपाय म्हणून हलक्या ताणाने पाय सरळ धरून प्लास्टरमध्ये स्थिर केला. जोर लावला नाही, तीन माणसं ओढायला नव्हती. मुलगा फक्त मॉर्फियाच्या वेदनाशामक अमलाखाली होता आणि एक्स-रेच्या वेळी व्यवस्थित सहकार्य करत होता.

आता या दोन बाजू शेजारी ठेवून पाहा. भूल दिली नाही, यावर वादच नाही. ते डॉक्टर स्वतःच सांगतायत. वाद एवढाच की भूल न देता केलं काय. डॉक्टर म्हणतात तसा पाय फक्त स्थिर केला असेल तर दमलेल्या रुग्णाला भूल न देणं हा शहाणपणा ठरतो. वडील म्हणतात तसं हाड बसवलं असेल तर तोच निर्णय भयंकर ठरतो. भूल देण्याइतकी ज्याच्या अंगात ताकद उरलेली नाही, त्याच्या मांडीचं हाड शुद्धीवर असताना ओढणं सोसण्याइतकी ताकद त्याच्यात कुठून येणार?

मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात दांडगे. हाड मोडलं की ते आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर ओढून धरतात. क्ष-किरणांत दिसलेली एकमेकांवर चढलेली टोकं ती हीच. हाताने ओढून ती जागेवर आणायची तर आधी स्नायू सैल पडावे लागतात, आणि त्या काळी ते काम भूलच करायची. ईथर, पेंटोथाल, कण्यातली भूल, सगळं १९५३ मध्ये उपलब्ध होतं. मॉर्फियाने दुखणं बोथट होतं, स्नायू सैल पडत नाहीत. त्यात सांगितलेल्या दोन इंजेक्शनांपैकी एकच दिलेलं. म्हणजे ज्या वेदनाशामक अमलाचा कैफियतीत आधार घेतला, तो ठरवलेल्या मात्रेच्या निम्माच होता. आणि ‘सहकार्य करत होता’ हे शब्द डॉक्टरांनी आपल्या बचावात घातले, पण त्यातून निघतं ते एवढंच की थिएटरमध्ये जाण्याच्या काही मिनिटं आधी मुलगा जागा होता.

हा शेवटचा तर्क माझा आहे, कोर्टाचा नव्हे. कोर्टाने आपलं काम साक्षींवरून केलं. दोन्हीकडून भरपूर तोंडी पुरावा आला, तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला उभे राहिले, अस्थिशल्यचिकित्सेची पाठ्यपुस्तकं कोर्टात उघडली गेली. खालच्या कोर्टाचा आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निष्कर्ष एकच निघाला: हाड बसवलं गेलं, भूल न देता बसवलं गेलं, तीन मदतनिसांकरवी वाजवीपेक्षा जास्त जोर लावून बसवलं गेलं, आणि त्यातून मेंदूतला एम्बोलिझम किंवा निदान शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं, उद्भवून मुलगा गेला. हाड बसवणं पुढे ढकललं होतं, ही गोष्ट मागाहून सुचलेली आहे, असं उच्च न्यायालयाला वाटलं. भरपाई मंजूर झाली ३,००० रुपये.

डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्यांच्या वकिलांनी एक प्रामाणिक कबुली दिली, आणि तिच्यामुळे खटला चिमटीत मावेल एवढा झाला. ते म्हणाले, भूल न देता हाड बसवलं असं खरंच सिद्ध होत असेल तर निष्काळजीपणाबद्दल वाद घालण्यासारखं काही उरत नाही. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली अशी भरपाई मिळते का, हा प्रश्नही त्यांनी सोडून दिला. उरलं एवढंच की दोन्ही कोर्टांचा निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे की अंदाजावर. न्यायमूर्ती जे. एम. शेलत यांनी लिहिलेल्या निकालाने उत्तर दिलं: पुराव्यावर. तारीख २ मे १९६८. अपघाताला पंधरा वर्षं व्हायला चार दिवस कमी होते.

जो परिच्छेद पाठ केला जातो तो याच निकालात, जाता जाता आलेला आहे. वैद्यकीय सल्ला आणि उपचार द्यायला जो उभा राहतो तो आपल्याकडे त्यासाठीचं ज्ञान आणि कौशल्य आहे असं गृहीतच धरायला लावतो. रुग्ण त्याच्याकडे आला की त्याच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य येतं: ही केस हातात घ्यायची का हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो उपचार देताना. यातलं कुठलंही मोडलं तर रुग्णाला दाद मागता येते. अपेक्षा मात्र वाजवी कौशल्याची आहे. सर्वोच्च दर्जाचं कौशल्य कायदा मागत नाही, आणि अगदी खालच्या दर्जाचं चालवूनही घेत नाही. उपचार निवडण्याचं स्वातंत्र्य डॉक्टरला आहेच, आणीबाणीत ते आणखी रुंदावतं, हेही निकालात स्पष्ट म्हटलंय. डॉक्टरांच्या बाजूने बोलणारे हे वाक्य क्वचित उद्धृत करतात, याचं मला नवल वाटतं.

याच प्रकरणाच्या शेजारी आणखी एक मराठी मुलखातलं प्रकरण ठेवलं की पुराव्याची अडचण नीट दिसते. १९६३ च्या जुलैत औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईंचं बाळंतपण झालं, नंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोट फुगलं, ताप आला. दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर आत राहिलेला टॉवेल सापडला. त्या वाचल्या नाहीत. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, ३६,००० रुपयांची भरपाई कायम झाली, आणि त्या निकालात जोशी-गोडबोले प्रकरणाचा आधार घेतलेला आहे. त्या खटल्यात टॉवेल स्वतःच साक्षीदार होता. पोटात टॉवेल कसा राहिला याचा खुलासा रुग्णालयाने द्यायचा, नातेवाइकांनी नव्हे. पाय किती जोराने ओढला याचा मात्र टॉवेल सापडत नाही. हाताचा जोर कुठे शिल्लक राहत नाही. राहते ती माणसांची आठवण आणि कागद.

म्हणूनच मला वाटतं, हा खटला जिंकला गेला यात वडील डॉक्टर असण्याचा वाटा मोठा होता. हाडाला ताण देणं आणि हाड बसवणं यातला फरक त्यांना माहीत होता. मॉर्फिया म्हणजे भूल नव्हे हे त्यांना माहीत होतं. प्रमाणपत्रावरच्या शब्दाने गप्प बसायचं नाही, हे कळायलाही तो शब्द आधी कळावा लागतो. पालशेतच्या एखाद्या कोळ्याचा किंवा शेतकऱ्याचा मुलगा त्या टेबलावर असता तर ‘चरबी चढली, नशीब’ एवढ्यावर घरचे परतले असते.

तीन हजारांबद्दलही थोडं. १८५५ चा तो कायदा दुःखाची किंमत करत नाही. माणूस गेल्याने कुटुंबाचं आर्थिक नुकसान किती झालं, एवढंच तो मोजतो. आयुष्य अजून सुरू व्हायचं आहे अशा वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब फार तोकडा पडतो. त्यापुढे कोलकात्यात चुकीचे उपचार होऊन दगावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणाचा २०१३ सालचा निकाल ठेवा: सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. मधल्या काळात, १९९५ मध्ये, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली होती आणि दाद मागण्याची वाट बदलली होती. साहांच्या पतींनाही पंधरा वर्षंच लागली, आणि तेही डॉक्टरच.

हीच केस आज आली तर? मांडीत बहुधा रॉड घातला जाईल, प्लास्टरचा प्रश्नच येणार नाही. थिएटरमध्ये नेण्याआधी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासेल, तो भूल झेपण्याच्या स्थितीत आहे का ते लिहून ठेवेल. संमतीपत्रावर भुलीचा प्रकार लिहिलेला असेल. संमती म्हणजे नुसती सही नाही, उपचार काय, पर्याय काय, धोके काय हे सांगणं आलं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात ठरवलं आहे. ‘आम्हाला वाटलं भूल दिलीय’ असं कुणी म्हणालं तर तो कागद बाहेर निघेल. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. केसपेपर मागायला बरेच जण लाजतात किंवा घाबरतात, मागितले तर डॉक्टर चिडतील म्हणून. हक्काचा कागद आहे तो, लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

त्या कागदांत भुलीचा तक्ता असतो. दर पाच मिनिटांनी नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कसा, कोणतं औषध किती वाजता दिलं, आणि सांगितलेलं एखादं दिलं नसेल तर का दिलं नाही. त्या ९ मेच्या दुपारी वरच्या मजल्यावर जो तासाभराहून थोडा अधिक वेळ गेला, तेवढ्या वेळाचा असा तक्ता एका पानावर मावतो.